थडगं आहे, नाव नाही: पुरावा कुठे शोधाल?

समजा, तुमचा विषय भटक्या-विमुक्तांचा इतिहास आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात ओढ्याकाठचं दगड रचलेलं थडगं दाखवून कुणी म्हणालं, "पालावरचं कुणीतरी मेलं होतं, त्याचं हे." नाव नाही, साल नाही. आता?

इंग्लंडमध्ये रोमा म्हणजे जिप्सी लोकांची थडगी गावच्या चर्चच्या आवारात आढळतात. हे लोक मूळचे भारतातले. पाण्याला ते आजही 'पानी'च म्हणतात. तिथे १५३८ पासून प्रत्येक चर्चला दफनाची नोंदवही ठेवावी लागे. त्यामुळे फिरस्ता मेला तरी नाव-तारीख मिळण्याची शक्यता असते.

आपल्याकडची जवळची वही म्हणजे गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. जन्म-मृत्यूची ही नोंदवही. पण मयताची खबर कुणीतरी द्यावी लागते. पाल दुसऱ्या दिवशी उठलं तर खबर देणार कोण?

मग पोलीस दप्तर बघा. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू करता आला. ज्या जमातींवर तो लागला, त्यांची नावं आणि बोटांचे ठसे सरकारने नोंदवून घेतले. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे मेल्यावर ज्याची नोंद झाली नाही, त्याची जिवंतपणी 'गुन्हेगार' म्हणून झालेली असू शकते. हे कागद वाचताना ते कुणी आणि कशासाठी लिहिले, हे विसरू नका. सोबत फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) वाचा. पालावरचं जगणं आतून कळतं.

एक व्यावहारिक गोष्ट. सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून झाला, 'सांगली' हे नाव १९६० चं. त्याआधी काही गावं साताऱ्यात, तर काही सांगली, मिरज, जत अशा संस्थानांत होती. गाव तेव्हा कुणाकडे होतं, हे आधी ठरवा. नाहीतर चुकीच्या दप्तरात महिने जातील.

आणि हे फक्त प्रबंधापुरतं नाही. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांच्या जात दाखल्यासाठी मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१ आहे. त्याआधीची आजोबा-पणजोबांची जातीची नोंद पडताळणीत मोलाची ठरते. अशी एक ओळ सापडली, तर तुमच्यासाठी ती तळटीप असेल. त्या घरातल्या पोरीसाठी कॉलेजचा प्रवेश. म्हणून नक्कल आधी त्या घरी द्या, प्रबंध नंतर.