बुडालेली डिझेल गाडी

जुलै २०१८च्या पुरात वसई-विरारमध्ये दारातल्या गाड्याही पाण्यात होत्या. अशा गाडीला सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल काढून सिलिंडर रिकामे करायचे.

इंजिन उघडावंच लागलं, तर उदाहरण म्हणून महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपचं प्युजो डिझेल इंजिन घ्या, २११२ सीसीचं: बोअर ९० मिमी, स्ट्रोक ८३. बोअरची झीज मर्यादेत असेल तर होनिंग, नव्या रिंगा, बेअरिंग आणि हेडला फेस, एवढ्यावर भागतं. क्रँकचा निकाल मात्र मायक्रोमीटरनेच; बोट फिरवून सांगणारे उस्ताद पुष्कळ भेटतात. जुना पिस्टन मापात असेल तर चालेल, जुनं हेड गॅस्केट कधीच नाही. पैसे संपत आले तर रंग राहू द्या, पंप-नोझल तपासून घ्या.