घरच्या गाडीची घरीं निगा : पुण्याच्या छंदी मंडळींपासून घेण्यासारखा धडा

खंडेनवमीच्या दिवशीं आपण शेतकरी लोक नांगर, कोयता, पाण्याचें इंजिन, ट्रॅक्टर आणि दारांतील मोटारगाडी हीं सर्व धुवून पुसून त्यांस झेंडूचे हार घालतों, हळदकुंकू वाहतों व नारळ फोडतों. ही रीति उत्तम आहे. ती सोडावी असें सुचविण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु मुळींच नाहीं. परंतु हार घालणाऱ्या दहा गृहस्थांस जर विचारलें कीं, आपल्या गाडीच्या ब्रेकचें तेल शेवटीं केव्हां बदललें, तर कितीजण खात्रीनें उत्तर देतील याची मला शंका वाटते. मी स्वतः बरींच वर्षें त्या निरुत्तर मंडळींपैकींच एक होतों. महसूल खात्यांत उभी हयात कारकुनी करून मी पुणें शहरीं स्थायिक झालों, आणि जुन्या गाड्या घरच्या घरीं नीट राखणाऱ्या छंदी लोकांची संगत मला घडली. त्यांच्यापासून जें शिकलों, त्यांपैकीं शेतकरी बंधूंच्या उपयोगाचें तेवढें येथें सादर करतों.

पुण्याच्या आसपास यंत्रविद्येचें वळण जुनें आहे. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं स्थापन होऊन तिचा कारखाना खडकीस निघाला. आपल्यापैकीं पुष्कळांच्या विहिरींचें पाणी त्या इंजिनांनीं उपसलें आहे. पुढें १९६० नंतर बजाज कंपनीनें आकुर्डीस स्कूटरी करण्यास आरंभ केला, आणि राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करणारी चेतक १९७२ सालीं बाजारांत आली. नोंदणी करून वर्षानुवर्षें वाट पाहावी, तेव्हां ती घरीं येई. अशा कारखान्यांत काम करणारे फिटर आणि टर्नर शहराच्या पेठापेठांतून राहूं लागले, व त्यांच्या हातची विद्या शेजारपाजारीं पसरली.

या छंदाचें दुसरें कारण गरज हें होय. म्हैसूरचा जावा व येझदी मोटारसायकलींचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. प्रीमियर कंपनीची पद्मिनी मोटार नव्या शतकाच्या आरंभीं निघेनाशी झाली. बजाज कंपनीनेंही पेट्रोलवरील स्कूटरी करणें २०१० च्या सुमारास सोडलें. चेतक हें नांव २०२० सालीं परत आलें, पण तें विजेच्या स्कूटरवर. ज्या गाडीचा कर्ताच राहिला नाहीं, तिचें दुखणें ओळखणारे कारागीरही हळूहळू कमी होतात. तेव्हां जुनी गाडी चालती ठेवावयाची तर मालकानेंच हात काळे केले पाहिजेत, हें या लोकांस उमगलें.

रविवारीं सकाळीं एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकांत किंवा नव्या इमारतीच्या तळमजल्यावर पाहावें. कोणी बँकेंतील नोकर, कोणी शाळामास्तर, कोणी निवृत्त फौजी, जुनें धोतर जमिनीवर अंथरून त्यावर पाने ओळीनें मांडून बसलेला असतो. एकाची येझदी, दुसऱ्याची फियाट, तिसऱ्याची जीप. काढलेला प्रत्येक खिळा ज्या क्रमानें काढला त्याच क्रमानें मांडावयाचा, आणि काम संपल्यावर एकही उरतां कामा नये, असा त्यांचा दंडक आहे. वयानें लहान असलेला तरुण थोरास काका म्हणून हांक मारतो, आणि थोरही आपली विद्या हातचें न राखतां सांगतात.

आतां माझ्या अज्ञानाची हकीकत सांगतों. मजजवळ मामांकडून आलेली जुनी फियाट होती. एका कार्तिक महिन्यांत सासवडहून कुटुंबास घेऊन, मागें सीताफळांच्या दोन करंड्या ठेवून, मी दिवे घाट उतरत होतों. पेट्रोल वांचेल या समजुतीनें गियर काढून गाडी मोकळी सोडली होती आणि पाय सतत ब्रेकवर होता. निम्म्या घाटांत ब्रेकची पट्टी एकाएकीं मऊ लागली, व पुढच्या वळणाच्या आधीं ती तळास टेकली. गाडी थांबेना. कसाबसा गियर पडला, हातब्रेक हळूहळू ओढला, आणि रस्त्याच्या कडेस टाकलेल्या मुरमाच्या ढिगांत गाडी घुसून उभी राहिली. कोणास इजा झाली नाहीं. कुटुंबानें खालीं उतरून, एक शब्दही न बोलतां, फुटलेलीं सीताफळें बाजूस काढलीं. तें मौन मी अद्याप विसरलों नाहीं.

नवल असें कीं, अर्ध्या तासानें ब्रेक पूर्ववत् लागूं लागला! दुसऱ्या दिवशीं एका गॅरेजांत गाडी दाखविली, तर त्यांनीं पट्टी दाबून पाहिली व कांहींएक दोष नाहीं म्हणून परत पाठविली. माझें समाधान होईना. आमच्या शेजारीं पिंपरीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले एक फिटरकाका राहतात. त्यांच्यापाशीं हें कोडें नेलें. त्यांनीं ब्रेकच्या तेलाची डबी उघडून आंत पाहिलें. तेल काळवंडून गेलें होतें.

‘‘भाऊसाहेब, हें कधीं बदललें होतें?’’

‘‘मामांनीं बदललें असेल,’’ मीं म्हणालों.

‘‘मामांना जाऊन किती वर्षें झालीं?’’

‘‘नऊ.’’

काका हंसले नाहींत. त्यांनीं मला बसवून कारण समजावून दिलें, तें असें. ब्रेकचें तेल हें नेहमींच्या तेलासारखें तेल नव्हे. तें हवेंतील ओल शोषून घेतें. आपल्या पावसाळ्यांत तर तें विशेषच. डॉट तीन या प्रतीचें नवें कोरडें तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. परंतु त्यांत शेंकडा तीन-चार भाग पाणी मुरलें कीं तेंच तेल १४० अंशांच्या आसपास उकळूं शकतें. डॉट चार या प्रतीचे हेच आंकडे २३० व १५५ असे आहेत. घाटांत सतत ब्रेक दाबून धरल्यानें चाकाचें पिंप तापतें, ती उष्णता तेलास लागते, तेल उकळून त्याची वाफ होते. तेल दाबलें जात नाहीं म्हणून तें पायाचा जोर चाकापर्यंत नेतें. वाफ मात्र दाबली जाते, आणि सर्व जोर तिच्यांतच जिरतो. गाडी थंड झाली कीं वाफेचें पुन्हां तेल होतें, व दोष नाहींसा झाल्यासारखा दिसतो. म्हणूनच गॅरेजांत कांहीं सांपडलें नाहीं. सामान्यतः दर दोन वर्षांनीं हें तेल बदलावें, आणि घाट ज्या गियरांत चढावा त्याच गियरांत उतरावा, हे दोन नियम मीं पाळले असते तर हा प्रसंग आला नसता.

नंतर काकांनीं जें विचारलें, तें माझ्या मर्मीं लागलें. ते म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, तुमच्या दप्तरांत एखाद्या जमिनीचा सात-बारा नऊ वर्षें लिहिलाच नाहीं तर काय म्हणाल? मग गाडीचा कां लिहीत नाहीं?’’

त्याच दिवशीं मीं एक साधी वही केली. तिला पांच रकाने पाडले : तारीख, गाडीचे किलोमीटर, केलेलें काम, भागाचें नांव व किंमत, आणि पुढील काम केव्हां. जुना भाग काढून नवा बसविला म्हणजे तो गाडीचा फेरफारच होय. तो नोंदल्यावांचून राहूं द्यावयाचा नाहीं. या छंदी मंडळींत ज्यांच्या गाड्या सर्वांत भरंवशाच्या, त्यांच्या वह्याही सर्वांत नेटक्या, असें मला आढळलें. त्यांची कुशलता हातांत आहे हें खरें. पण तिचें निम्मे बळ नियमानें पाहण्यांत व पाहिलेलें लिहून ठेवण्यांत आहे. कुशल हात सर्वांस मिळत नाहींत. वही मात्र कोणासही ठेवतां येते.

घरीं करण्याजोगीं कामें येणेंप्रमाणें. दर आठवड्यास सकाळीं, इंजिन थंड व गाडी सपाट जागीं असतांना, इंजिनाचें तेल डिपस्टिकवर पाहावें, रेडिएटरचें पाणी पाहावें, ब्रेकच्या तेलाची पातळी पाहावी आणि टायरांतील हवा मोजावी. प्रवासानंतर टायर तापून हवेचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून तो थंड असतांनाच मोजणें योग्य. दर महिन्यास पंख्याचा पट्टा, रबरी नळ्या व टायरांची नक्षी तपासावी. मोटारीच्या टायरची नक्षी १·६ मिलिमीटरहून कमी राहिली तर टायर बदललाच पाहिजे. बॅटरींत पाणी घालावयाचें असेल तर विहिरीचें किंवा नळाचें न घालतां केवळ शुद्ध केलेलें ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. उसाच्या हंगामांत धुळीच्या रस्त्यानें जाणाऱ्या वाहनाच्या हवेची गाळणी पुस्तकांतील मुदतीपूर्वींच साफ करावी, कारण धूळ इंजिनांत शिरली कीं ती कानसेसारखें काम करते. गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. तेंही झांकण उघडून पाहावें. या सर्वांस आठवड्याचा अर्धा तास पुरतो.

परंतु कोणतें काम करूं नये, हें जाणणें त्याहून महत्त्वाचें. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. जमिनीवर टेकलेल्या चाकांस दगड लावून गाडी भक्कम घोड्यांवर टेकवावी, मगच खालीं जावें. विटांची रास हा घोडा नव्हे. ती भाराखालीं फुटते. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. बॅटरीजवळ विडी ओढूं नये, कारण भारण होतांना तींतून निघणारा हायड्रोजन वायु स्फोटक असतो. आणि बॅटरी काढतांना ऋण टोंकाची तार प्रथम सोडावी व लावतांना शेवटीं जोडावी. ब्रेकच्या डबींत चुकूनही इंजिनाचें तेल ओतूं नये; त्यानें आंतील रबर फुगून ब्रेक निकामी होतो. ब्रेक पूर्ण खोलणें, सुकाणूचे सांधे, गॅसची टाकी आणि विजेच्या गाडींतील नारिंगी रंगाच्या जाड तारा हीं शिकलेल्या कारागिराचींच कामें समजावींत. आमचे फिटरकाका चाळीस वर्षें यंत्रांत घालवूनही गॅसच्या टाकीस हात लावीत नाहींत, व त्यांत त्यांस कमीपणा वाटत नाहीं.

सुट्या भागांसाठीं पुण्यांत नाना पेठेचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथें जातांना जुना भाग पुसून नमुना म्हणून बरोबर न्यावा. नांवानें मागितलेला भाग व लागणारा भाग यांत पुष्कळदां एका सुताचा फरक निघतो, आणि तेवढ्यानें खेप फुकट जाते. मंगळवार पेठेंतील जुना बाजार वर्षानुवर्षें रविवारीं व बुधवारीं भरत आला आहे. तेथें चांगला पाना किंवा दिव्याची जुनी कडी मिळून जाते. पण ब्रेकचें रबर, टायर किंवा सुकाणूचा भाग जुना घेऊं नये. जेथें जीव टांगलेला आहे तेथें काटकसर करणें हा व्यवहार नव्हे.

एक गोष्ट शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत घ्यावी. इंजिनांतून काढलेलें काळें तेल बांधावर, ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतण्याची संवय आपल्याकडे आहे. त्या तेलांत धातूंचे कण व जळालेलीं घातक द्रव्यें असतात. तीं जमिनींत मुरून पाण्यास लागतात. सरकारच्या २०१६ च्या नियमांतही वापरलेलें तेल घातक टाकाऊ पदार्थांत गणलें आहे. तें झांकणाच्या डब्यांत सांठवून, असें तेल रीतसर गोळा करणाऱ्याच्या हवालीं करावें. गाडी राखण्याच्या नादांत विहीर नासली तर काय मिळविलें?

शेवटीं, नोकरींतील खोडीप्रमाणें, कागदपत्रांविषयीं दोन शब्द. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते, व पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते. ती तारीखही वहींत असावी. कित्येकांच्या गोठ्यांत आजोबांची जीप किंवा मोटार गवताखालीं पडून असते. २०२१ सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमान्वयें पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या व मूळ सांगाडा आणि इंजिन न बदललेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ऐतिहासिक वाहन म्हणून निराळी नोंदणी होऊं शकते. तिची फी २०,००० रुपये व मुदत दहा वर्षें आहे. अशी गाडी प्रदर्शन, फेरी वा दुरुस्ती यांसारख्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. तिजवर भाजीपाला वाहून नेतां येत नाहीं. म्हणून ती भंगारांत देण्यापूर्वीं किंवा हौसेनें तिचें रूप पालटण्यापूर्वीं हा विचार करावा.

माझी फियाट आजही चालते. दर वर्षीं सीताफळांच्या दिवसांत मी सासवडास जातों व दुसऱ्या गियरांत दिवे घाट उतरतों. मागचीं वाहनें कर्णे वाजवितात, वाजवोत बापडीं. कुटुंब शेजारीं बसलेलें असतें, आणि घाट सुरू होण्यापूर्वीं एवढेंच विचारतें, ‘‘वही पाहिली ना?’’ शेतकरी बंधूंनो, येत्या खंडेनवमीस हार अवश्य घाला. पण हार घालण्याच्या आधीं गाडीचें झांकण उघडा, ब्रेकचें तेल पाहा, आणि एका कोऱ्या वहींत त्या दिवसाची तारीख घालून पहिली ओळ लिहा.