एकटा न सापडणारा कण

पट्टीचुंबक मधोमध तोडला तर काय होते? एका तुकड्यात उत्तर ध्रुव आणि दुसऱ्यात दक्षिण ध्रुव, असे होत नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही ध्रुव असतात. एकटा ध्रुव काही हाती लागत नाही. निसर्गात अशीच हुलकावणी देणारा एक कण आहे. त्याचे नाव क्वार्क.

अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन हे क्वार्कांचे बनलेले असावेत, ही कल्पना १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे मांडली. पुढे १९६८ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तेव्हा आत बारीक कण असल्याच्या खुणा मिळाल्या. मग सुटा क्वार्क आजवर कुणालाच का सापडला नाही?

क्वार्कावर विद्युतभाराखेरीज आणखी एक भार असतो. शास्त्रज्ञ त्याला 'रंग' म्हणतात. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. हा भार तीन प्रकारचा असतो. प्रोटॉनमध्ये तिन्ही एकत्र आल्यामुळे प्रोटॉन बाहेरून 'बिनरंगी' असतो.

दोन विद्युतभार एकमेकांपासून दूर नेले, की त्यांच्या बलरेषा पसरतात आणि ओढ कमी होते. रंगाचे तसे नाही. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन कणांवर स्वतःच रंगभार असतो. त्यामुळे बलरेषा पसरण्याऐवजी एका बारीक नळीत गोळा होतात. अंतर वाढले तरी नळीची ओढ घटत नाही. ही ओढ किती? सुमारे १६ टन वजनाइतकी! आणि तीही दोन कणांमध्ये! ओढत राहिलो तर नळीत ऊर्जा साठत जाते. शेवटी त्या ऊर्जेतूनच नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क जन्माला येतात व नळी तुटते. दोन्ही तुकडे पुन्हा बिनरंगीच. चुंबकाची आठवण झाली ना?

पण हे शास्त्रज्ञांनी पडताळले कसे? बल इतके जोरदार असते, तेव्हा समीकरणे नेहमीच्या रीतीने सुटत नाहीत. १९७४ साली केनेथ विल्सन यांनी एक युक्ती काढली. तुमच्या चौकडीच्या वहीसारखी अवकाश आणि काळ यांची जाळी कल्पायची. चौकटींच्या कोपऱ्यांवर क्वार्क ठेवायचे आणि कोपरे जोडणाऱ्या रेषांवर ग्लुऑनांचे क्षेत्र. मग क्षेत्राच्या असंख्य शक्य मांडण्या घेऊन त्यांची सरासरी काढायची. हे काम हाताने होणारे नव्हे. १९८० च्या सुमारास मायकेल क्रॉइट्झ यांनी ते संगणकाकडून करून घेतले. पुढे चौकटी लहान करीत गेले, तसे उत्तर निसर्गाच्या जवळ येत गेले. २००८ साली अशाच गणिताने प्रोटॉनचे वस्तुमान निघाले आणि ते प्रयोगाशी चांगले जुळले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या जाळीवरचे संशोधन चालते.

यातून एक नवलाची गोष्ट कळली. प्रोटॉनमधील तीन क्वार्कांची स्वतःची वस्तुमाने मिळून प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का भरतात. बाकीचे सारे क्षेत्राच्या आणि क्वार्कांच्या गतीच्या ऊर्जेतून येते. म्हणजे वजनकाट्यावर उभे राहिलात, की काटा मुख्यतः ही कोंडलेली ऊर्जाच मोजत असतो!

संगणकाने क्वार्काची कैद दाखवली खरी. पण ती अटळ का आहे, याची काटेकोर गणिती सिद्धता अजून कुणालाही देता आलेली नाही. ती शोधण्याचे काम कदाचित तुमच्यापैकीच कुणाची वाट पाहत असेल.