आधी जमा की आधी खर्च?

समजा, जालना जिल्ह्यातील अंबड येथे वडिलांनी मुलाच्या रिकाम्या खात्यात ४,००० रुपये भरले आणि मुंबईत शिकणाऱ्या मुलाला फोन केला. मुलाने वीस सेकंदांत ते काढले. खात्याचा हिशेब दोन्ही ठिकाणच्या संगणकांवर ठेवला जातो. अंबडची नोंद झाली १२ वाजून ४० सेकंदांनी. मुंबईच्या संगणकाचे घड्याळ मात्र अर्धा मिनिट मागे असल्याने तेथे १२ वाजून ३० सेकंद अशी वेळ पडली. नोंदी वेळेनुसार लावल्या, की पैसे येण्यापूर्वीच खर्च झालेले दिसतात.

एकच काम अनेक ठिकाणचे संगणक मिळून करतात, त्या व्यवस्थेला वितरित प्रणाली म्हणतात. या शाखेतील हा जुना आणि चिवट प्रश्न. संगणकातील घड्याळ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. दहा लाख सेकंदांत दहा सेकंदांची चूक ही त्याच्या बाबतीत सामान्य गोष्ट. पण तेवढ्याने महिन्याला पंचवीसेक सेकंदांचा फरक पडतो. नेटवर्कवरून वेळ जुळवून घेता येते. मात्र संदेश पोहोचायला किती वेळ लागला याचा नेमका अंदाज नसल्याने काही मिलिसेकंदांची तफावत उरतेच. (मुंबईकरांना हे नवे नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही शहराने ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ अनेक वर्षे सोडली नव्हती.)

अमेरिकी संशोधक लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये वेगळा विचार मांडला. किती वाजले हे विचारूच नका. काय आधी घडले एवढेच पाहा. प्रत्येक संगणकाने केवळ आकडा मोजावा, संदेशासोबत तो पाठवावा आणि घेणाऱ्याने त्याहून मोठा आकडा धरावा. कारण नेहमी परिणामाच्या आधी लागते. पण फोनवरचे बोलणे या मोजणीबाहेर राहते, हे लॅम्पोर्ट यांनी त्याच निबंधात फोनचाच दाखला देऊन सांगितले होते. शिवाय ‘दुपारी बारा वाजता शिल्लक किती होती?’ या साध्या प्रश्नाला अशा आकड्यांकडे उत्तर नसते.

गुगलने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या ‘स्पॅनर’ प्रणालीत हा प्रश्न खर्चिक मार्गाने सोडवला. केंद्रांमध्ये अणुघड्याळे व जीपीएस यंत्रे बसवली आणि उरलेली साधारण १ ते ७ मिलिसेकंदांची अनिश्चितता टळेपर्यंत प्रत्येक नोंद थांबवून ठेवली. अणुघड्याळ सर्वांना कुठून परवडणार?

येथे मुंबई आयआयटीतून १९९३ मध्ये बी.टेक. झालेले आणि अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात अध्यापन करणारे प्रा. संदीप कुलकर्णी यांचे काम महत्त्वाचे ठरते. त्यांनी मुरत देमिरबास व अन्य सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये ‘हायब्रिड लॉजिकल क्लॉक’ मांडले. त्यात प्रत्येक नोंदीवर दोन आकडे असतात: आतापर्यंत पाहिलेली सर्वांत पुढची वेळ आणि एक छोटी मोजणी. मुंबईच्या घड्याळात ३० मिलिसेकंद झाले असताना जालन्याहून ५० चा शिक्का असलेला संदेश आला, तर मुंबई आपले घड्याळ हलवत नाही. ती पुढच्या नोंदीवर ‘५०, मोजणी १’ असे लिहिते, त्यानंतरच्या नोंदीवर ‘५०, मोजणी २’. स्वतःचे घड्याळ ५० च्या पुढे गेले, की मोजणी पुन्हा शून्यावर येते. अंबडची जमा रक्कम मुंबईला संदेशातून कळली असेल, तर पैसे काढल्याची नोंद तिच्या मागेच लागते. शिक्का खऱ्या वेळेच्या जवळपास राहतो, त्यामुळे बारा वाजताची शिल्लकही सांगता येते. वेळेसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ६४ बिटांतच दोन्ही आकडे मावतात, ही त्यातील खरी खुबी.

मोंगोडीबी, कॉक्रोचडीबी, युगाबाइटडीबी या माहितीसाठ्यांनी ही पद्धत स्वीकारली आहे. मात्र ती सर्वसमर्थ नव्हे. दोन व्यवहारांत संदेशाची देवाणघेवाणच नसेल आणि ते घड्याळांच्या तफावतीइतक्या अंतरात घडले असतील, तर आधी कोणता हे ती छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणूनच कॉक्रोचडीबी घड्याळांतील फरकाला मर्यादा घालते. ती एरवी अर्ध्या सेकंदाची असते. आपले घड्याळ इतर बहुतेकांपासून या मर्यादेच्या जवळ जाण्याइतके ढळल्याचे आढळले, की तो संगणक स्वतःच काम थांबवतो.