पावसाळ्यात सायकलवरून दिवाडी बेटावर जाताय? तंबूचं आधी ठरवा

जळकोटहून गोव्याला निघालं की बहुतेकांना समुद्रकिनाराच दिसतो. पण मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. तिथे पूल नाही. जुने गोवे, रायबंदर किंवा नार्वे इथून फेरीबोटीत सायकल चढवायची, काही मिनिटांत पलीकडे.

पावसाळ्यात पर्यटक तुरळक, भातशेती हिरवीगार. ऑगस्टमधला बोंडेरम उत्सव तेवढा टाळा, तेव्हा गर्दी उसळते. दमवणारा चढ पिएदादच्या चर्चचा. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं. देव नदीपल्याड नार्व्याला गेला, तिथलं मंदिर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधवून घेतलं. परतताना तिकडून उतरा.

अडचण तंबूची. सखल भागात खाजन जमीन आहे, म्हणजे बांध घालून भरतीचं खारं पाणी अडवलेली शेतं. पावसात तिथे झोपलात तर अंथरूण भिजणारच. त्यापेक्षा गावात कुणाची ओसरी मागा, नाही म्हणाले तर मुकाट खोली घ्या. स्टोव्ह पेटवण्याआधीही विचारा: पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केल्यास गोव्यात २०१९ पासून दंड आहे.

शेवटची फेरी कितीला, हे जातानाच विचारून ठेवा. ती चुकली की रात्र बेटावरच.