जुन्या गाडीचे गिअर ऑइल बदलावे का?

बंगळूरच्या आउटर रिंग रोडवर गाडी पळते कमी, सरकते जास्त. या थांबा-सरका खेळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल तापते आणि लवकर खराब होते. जवळच्याच बिडदीला २०१६पासून तयार झालेली ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टा दीड लाख किलोमीटर धावल्यावर तुम्ही घेतलीत, की सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतो, 'तेल बदला.' कुणी म्हणतो, 'हात लावू नका, गिअर घसरतील.'

भीती अगदीच खोटी नाही. पण नवे तेल घातल्यावर गिअर घसरले, तर मूळ दोष बहुधा आधीच झिजलेल्या क्लच प्लेटचा असतो.

म्हणून सौद्याआधीच गाडी तासभर गर्दीत चालवून पाहा. गिअर धक्का न देता पडत असतील, तर तेल जरूर बदला. मात्र दाबाने फ्लश करू नका. खालून निघेल तेवढेच काढून तितकेच, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे भरा. एका वेळी सगळे तेल निघत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा बदला.

तेल काळे, वास जळका आणि गिअर घसरत असतील, तर तेलाने काम भागणार नाही. दुरुस्तीचा खर्च आधी विचारा आणि तेवढी किंमत कमी करून मागा. मालक तयार नसेल, तर ती गाडी सोडलेलीच बरी.