कापूस आणि धानाच्या सीमेवरचं चिमूर

वरोऱ्याहून चिमूरकडे येताना दोन्ही बाजूंना काळी जमीन असते, कापूस, तूर आणि सोयाबीनची. चिमूर ओलांडून नागभीड-सिंदेवाहीच्या वाटेला लागलं की शिवार बांध्यांमध्ये वाटलं जातं, धुऱ्यांच्या आड लहानमोठ्या बोड्या दिसू लागतात आणि श्रावणात बाया ओणव्या होऊन पऱ्हे लावताना दिसतात. इकडे कापसाचा मुलूख संपतो, तिकडे धानाची झाडीपट्टी सुरू होते. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात, ताडोबाच्या जंगलाच्या उत्तरेला चिमूर वसलं आहे. गावातून वाहणारी उमा नदी पुढे मूलच्या बाजूने वैनगंगेच्या खोऱ्यात जाते.

या जागेनेच चिमूरला मोठं केलं. एका अंगाने कापूस, दुसऱ्या अंगाने तांदूळ आणि जंगलातून मोहफूल, डिंक, बांबू. हा सगळा माल एकत्र यायला मधलं ठिकाण हवंच होतं. हातमागावरच्या तलम सुती कापडासाठीही हे गाव एकेकाळी ओळखलं जाई. चांद्याच्या गोंड राजांचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या मध्यात नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये इंग्रजांकडे.

गावाच्या मधोमध श्रीहरी बालाजीचं देऊळ आहे. गोठ्यासाठी खोदकाम चाललं असताना मूर्ती सापडली, असं गावकरी सांगतात. माघातली इथली घोडायात्रा साऱ्या पूर्व विदर्भात प्रसिद्ध आहे. बालाजी लाकडी घोड्यावर स्वार होतो आणि ती मिरवणूक रात्री गावातून निघते. तोवर धान घरात आलेलं असतं, कापूस विकून हातात पैसा असतो. कापसाच्या आणि धानाच्या, दोन्ही मुलखांतली माणसं यात्रेला लोटतात ती त्यामुळेच.

जंगलाचा वारसा वेगळा आहे. तालुक्यातल्या रामदेगी आणि गोंदोड्याच्या रानात तुकडोजी महाराजांनी तरुणपणी साधना केली. त्यांच्या खंजिरीवरच्या भजनांनी पुढे याच गावांत स्वातंत्र्याची ऊर्मी पेरली. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. प्रभातफेरी निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि १६ वर्षांचा बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. लोक खवळले. डाकबंगला पेटला, अधिकारी मारले गेले आणि इंग्रजी सत्ता चिमुरातून उठली.

ती तीन दिवस परतली नाही, याचं एक कारण मला या भूगोलात दिसतं. चिमूरला रेल्वे नव्हती. फौज आगगाडीने वरोऱ्यापर्यंत येणार आणि तिथून पावसाळ्यातला पन्नासेक किलोमीटरचा रस्ता तुडवणार. तोही लोकांनी झाडं पाडून अडवलेला. १९ ऑगस्टला गोरे सैनिक पोचले. मग घरोघरी धरपकड, लूट आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. ज्या आडवळणाने गावाला तीन दिवसांचं स्वातंत्र्य दिलं, त्याच आडवळणामुळे हे अत्याचार जगापासून झाकून ठेवणं सरकारला सोपं गेलं. ही गोष्ट मला त्या तीन दिवसांइतकीच महत्त्वाची वाटते. चौकशीच्या मागणीसाठी सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी तिथून चिमूरकडे पायी निघाले. त्यांना पकडून परत नेलं, तरी ते पुन्हा निघाले. याच मागणीसाठी त्यांनी केलेलं ६३ दिवसांचं उपोषण १२ जानेवारी १९४३ रोजी सुटलं. त्या उपोषणाची बातमी छापायलाही बंदी होती आणि तिच्या निषेधार्थ ६ जानेवारीला देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंक काढला नाही. या उठावाच्या खटल्यांत फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी अनसूयाबाई काळे झटल्या. १९४५ मध्ये त्यांच्यापैकी सात जणांची फाशी जन्मठेपेवर आली.

आज उमरेड-वरोऱ्याचा हमरस्ता गावातून जातो. कोलारा आणि अलीझंजा या ताडोबाच्या प्रवेशद्वारांकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या चिमूरवरून वळतात. गावाबाहेरच्या शिवारात मात्र वाघाच्या भीतीने शेतकरी दिवस मावळायच्या आत घर गाठतो. लोकसभेच्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघाचा पसारा थेट गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपर्यंत आहे आणि त्याच्या नावात चिमूर आहे. पण वेगळ्या चिमूर जिल्ह्याची जुनी मागणी अजून पुरी झालेली नाही. दरवर्षी १६ ऑगस्टला हुतात्म्यांना अभिवादन करायला लोक जमतात, तेव्हा ती मागणी पुन्हा मांडली जाते.